सात दिवस, तीन ते पाच

हेलन तुस्कानो कोणाच्या लग्नाला गेल्याचं मला आठवत नाही. बारशाला, साखरपुड्यालाही ती क्वचितच दिसायची. पण कोणाकडे माणूस गेलं, की दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ही हजर. काखेत खजुरीच्या पात्यांची चटई, हातात पाण्याची बाटली, पायात सपाता. आत यायचं, भिंतीशी चटई टाकायची आणि बसायचं. पाच वाजले की चटई गुंडाळून चालू लागायचं. मधल्या दोन तासांत तोंडातून शब्द काढायचा नाही. असे सात दिवस. आठव्या दिवशी तुम्ही पाया पडून बोलावलंत तरी यायची नाही.

मी तिचा शेजारी. नाव शत्रुघ्न, पण गावाने त्यातलं निम्मंच ठेवलं. सगळे शत्रू म्हणतात. कामाने पाणीपुरवठ्यावर, म्हणजे कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते माझ्या चावीवर. त्यामुळे प्रत्येक घरी माझ्याशी दोन शब्द गोड बोलतात, आणि ते दोन शब्द मी पुढच्या घरी पोचवतो. पाण्याबरोबर तेवढं चालायचंच.

नायगाव स्टेशनापासून पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमची जुनी घरं. आम्ही भातशेतीवाले, तुस्कानो कॅथलिक. मध्ये मेंदीचं कुंपण, आणि कुंपणात बायकांनी ये-जा करून पाडलेली एक वाट. आमच्याकडून गणपतीचे मोदक त्या वाटेने जायचे, तिकडून नाताळचा फराळ यायचा. हेलनबाय माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठी, पण आमच्यात अहोजाहो कधी नव्हतं. ती मला लहानपणी चड्डीशिवाय बघितल्याची आठवण चारचौघांत करून द्यायची, मी तिला ‘बंद पडलेला टेलिफोन’ म्हणायचो.

त्याचं कारण असं, की तीस वर्षं ही बाई मुंबईत एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर होती. दिवसभर याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं. लोकांचे साहेब, लोकांच्या बायका, लोकांची भांडणं. घरी आली की म्हणायची, "शत्रू, कान जड झालेत, आज तू बोलू नकोस." मी अर्थात बोलायचो.

तिचा नवरा हिलरी जहाजावर स्वयंपाकी. वर्षातले आठ महिने समुद्रावर, चार महिने आमच्या ओटीवर पत्ते. १९९० साली तो घरी आला तो पिवळा होऊन. कावीळ. महिन्याभरात गेला. एक मुलगी, व्हेरोनिका, तेव्हा कॉलेजात होती. पुढे लग्न होऊन कॅनडाला गेली.

हिलरी गेला तेव्हा त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा गाव, चर्चची मंडळी, तिच्या ऑफिसातल्या बायका. आणि प्रत्येक जण बोलत होता. देवाची इच्छा. वय काय होतं? कंपनी काही देणार का? अमक्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. आणि मग आवाज खाली आणून सगळ्यांचा एकच प्रश्न: "पीत होता का गं?"

आता हा हिलरी कसा, तर सणाला घरी काढलेली वाइनसुद्धा त्याने कधी ओठाला लावली नाही. सगळे ग्लास भिडवायचे तेव्हा हा बापडा लिंबाच्या सरबताचा पेला पुढे करायचा. पण जहाजावरचा माणूस, त्यात कावीळ, म्हणजे प्यायलाच असणार. खोटं कशाला सांगू, मीही विचारलं होतं. तिला नाही, तिच्या भावाला. तेही प्रेत घरात असताना.

लोक गेले, आठ-दहा दिवस झाले. एका सकाळी चर्चमधून, मिस्सेची प्रार्थना करून परत आल्यावर तिने मला कुंपणापाशी थांबवलं आणि विचारलं, "शत्रू, तुला ईयोब माहीत आहे?"

"कोण? पापडीला सायकलचं दुकान आहे तो?"

"तो इयान. हा बायबलातला."

मग तिने मला गोष्ट सांगितली. ईयोब नावाचा एक भला माणूस होता. गुरंढोरं, उंट, दहा मुलं. कोणाचं वाईट केलेलं नाही. आणि थोड्याच दिवसांत त्याचं सगळं गेलं. मुलं गेली, जनावरं गेली, वर अंगभर गळवं. राखेत बसून खापराच्या तुकड्याने अंग खाजवतोय. त्याचे तीन मित्र लांबून आले. दुरून बघितला तर ओळखूच येईना. रडले, कपडे फाडले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. सात दिवस, सात रात्री. कोणी काही बोललं नाही, कारण त्याचं दुःख केवढं आहे ते त्यांना दिसत होतं.

"चांगले होते की मग," मी म्हणालो.

"सात दिवस चांगले होते. मग ईयोब स्वतःच बोलला. जन्माला आलो तो दिवस जळून जावो म्हणाला. आणि मित्रांनी त्याला उत्तरं द्यायला घेतली. तू काहीतरी केलं असशील. देव उगाच कोणाला मारत नाही. आठवून बघ, पाप केलं असशील. ते बोलणं तीसपस्तीस अध्याय चालतं, शत्रू. आणि गप्प बसले होते ते एका ओळीत संपतं."

"मग चुकलं कुठे?"

"सातव्या दिवशी उठून घरी जायला हवं होतं," ती म्हणाली. "एवढंच चुकलं."

ही गोष्ट सांगताना ती रडली वगैरे नाही. तिच्या चेहऱ्यावर बोर्डावरची चुकीची वायर सापडल्यासारखं काहीतरी होतं.

पुढे पावसाळ्यात आमच्या कृष्णाबाईचा मोठा मुलगा गेला. कृष्णाबाई म्हणजे आमच्याच भावकीतली काकी, खाडीकडच्या शेवटच्या घरात राहणारी. मुलगा मिठागरावर सर्प चावून गेला. पुन्हा तेच. रात्रीचा कशाला गेला, बूट का नाही घातले, भगताकडे नेला की डॉक्टरकडे? तिसरा प्रश्न माझा. दुसऱ्या दिवशी दुपारी हेलनबाय चटई घेऊन आली आणि काकीशेजारी बसली. आम्हाला वाटलं काही प्रार्थना म्हणेल. नाही म्हटली. काही विचारेल. नाही विचारलं. पाच वाजता उठून गेली. सात दिवस हेच.

काकीला मी नंतर खोदून विचारलं. ती म्हणाली, "पयल्या दिसाला मना वाटला मुकी झाली का काय. तिसऱ्या दिसाला मी तिची वाट बघत व्हते. सगली येतात नी मना रडवतात, नाय त गप करतात. ती आली का मी नुसती व्हते. पानी पन पीत व्हते."

तीन ते पाच ही वेळही हेलनबायने विचार करून ठरवली होती. सकाळी लोक असतात, संध्याकाळी लोक असतात. दुपारी जेवणं होतात, पाहुणे आडवे होतात, आणि ज्याचं माणूस गेलंय तो एकटा भिंतीकडे बघत बसतो. ती वेळ कोणी घेत नाही, म्हणून ती हिने घेतली. नोकरी सोडल्यावर तर तिला मोकळीकच मिळाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती किती घरी बसली असेल, हिशेब नाही. कोळीवाड्यात बसली, आमच्या आळीत बसली, एकदा तर दोन रिक्षा बदलून एव्हरशाईन सिटीत जाऊन यायची, जुन्या ऑफिसातल्या बाईच्या घरी. एकदा मी चिडवलं, "हेलनबाय, तुझी चटई दिसली की लोक घाबरतात, वाटतं आज आपल्याकडे कोण गेलं." ती म्हणाली, "तुझं तोंड दिसलं की मलाही तसंच वाटतं."

पण खरं सांगायचं तर तिला दुसरं होतं काय? व्हेरोनिकाचा फोन रविवारी यायचा, दहा मिनिटं. त्यातली चार हवामानाची. घरात एक मांजर, तीही निम्मा वेळ आमच्याकडे. माणसांत जायचा तिचा एवढा एकच रस्ता होता.

दरम्यान आमच्या समोरची शेतं भरून निघाली. डोंगरातल्या मुरुमाचे डंपर वर्षभर येत राहिले आणि जिथे आम्ही भात लावायचो तिथे चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यातली एक मीनल अपार्टमेंट. हेलनबायच्या ओटीवरून नाकासमोर. तिथली माणसं सकाळी साडेसहाला जायची, रात्री नऊला यायची. कोकणातली, देशावरची, दादर-परळ सोडून आलेली. तीन वर्षं शेजारी राहून एकमेकांची नावं दारावरच्या पाटीवर वाचायची. माझ्याशी मात्र सगळ्यांची ओळख. पाणी!

२००३ सालचा जुलै. मीनलच्या तिसऱ्या मजल्यावरचा विलास, सदतीस वर्षांचा, कुठल्याशा सरकारी खात्यात कारकून. रविवारी ऑफिसच्या चौघांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला आणि परत आला नाही. पाणी एकाएकी वाढलं, पाय सुटला. सोमवारी अंत्यसंस्कार झाले. मागे बायको विनिता, चौतिशीची, आणि पाच वर्षांची पिंकी.

मंगळवारी तीन वाजता हेलनबाय चटई घेऊन जिना चढली. बुधवारी चढली. गुरुवारी चढली. घरात विलासला ठेवला होता त्या जागी दिवा लावलेला, तो विझू द्यायचा नाही, म्हणून विनिता त्याच्याजवळ बसलेली. हेलनबाय तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीशी. गावाहून आलेली जाऊ आत झोपलेली. हे मला कसं माहीत? टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गच्चीवर जाताना दार उघडं होतं, आणि मला बघायची खोड आहे.

बाकी इमारतीत काय चाललं होतं ते सांगायलाच नको. गेटवर, जिन्यात, पिठाच्या गिरणीत एकच विषय. भर पावसात धबधब्यावर जायचंच कशाला? घरी लहान मूल असताना? मित्र कसले होते? घेतली असणार, त्याशिवाय पाय सुटतो का? मी हे हेलनबायला सांगितलं, तेव्हा ती भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "माणूस गेला की लोक त्याची चूक शोधतात. ती सापडली की बरं वाटतं. आपण ती चूक करत नाही, म्हणजे आपल्याला काही होणार नाही. ईयोबाच्या मित्रांनाही तेच हवं होतं. त्यांनी त्याला पापी ठरवलं, कारण तो पापी नसेल तर उद्या त्यांचीही पाळी येऊ शकते."

मी म्हणालो, "तू आता फादरची पगारी नोकरी धर." तिने माझ्यावर पाणी उडवलं.

गुरुवारी संध्याकाळी मीनलच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मी उभा होतो. सात-आठ माणसं. त्यात सोसायटीचा सेक्रेटरी कौस्तुभ, चाळिशीचा, एका खासगी कंपनीत हिशेब तपासणारा, सज्जन आणि कायम काळजीत असलेला माणूस. त्याने मला विचारलं, "शत्रुघ्नभाऊ, ती म्हातारी कोण हो? रोज तीनला विलासकडे येते, चटई घेऊन?"

आता सरळ उत्तर होतं. आमची शेजारीण. दुःखाच्या घरी जाऊन बसते. चार शब्दांत संपलं असतं. पण आठ माणसं हातात चहा घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि अशा वेळी माझ्याच्याने सरळ बोलवत नाही.

"तुम्हाला माहीत नाही?" मी म्हणालो. "सात दिवसांचा कोर्स असतो तिचा. काही बोलत नाही, नुसती बसते. सातव्या दिवशी उठते, तेव्हा दिव्याच्या जागी मेणबत्ती!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! कौस्तुभही हसला. चहावाल्याने माझे पैसे घेतले नाहीत. मी शीळ घालत घरी आलो.

शुक्रवारी संध्याकाळी पाणी सोडायला गेलो, तर मीनलच्या वॉचमनने मला गंमत म्हणून हे सांगितलं: "वो चटाईवाली माताजी आयी थी. सेक्रेटरी साहब का आर्डर था, रजिस्टर में लिखवाओ. मैंने पूछा, काम क्या है? बोली, बैठना है. मैं बोला, बैठने का काम नहीं लिखते इधर. मिलने का लिखो, सामान देने का लिखो. बोली, मिलना नहीं है, सिर्फ बैठना है. फिर साहब खुद आये, बोले, बाहर के आदमी को अभी बंद है."

"मग?"

"मग क्या, चली गयी. कुछ नहीं बोली."

मी चावी फिरवून पाणी सोडलं. म्हटलं, दोन दिवसांनी सगळे विसरतील.

शनिवारी तीन वाजता मी कुंपणाच्या वाटेने तिच्याकडे गेलो. हेलनबाय ओटीवर चटई टाकून बसली होती. पाऊस पडत होता, पागोळ्यांचं पाणी पायरीवर नाचत होतं. मला वाटलं, रुसलीय. म्हणून मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने म्हणालो, "काय हेलनबाय, आज घरीच कोण गेलं?"

तिने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. ती समोर बघत होती. मी तिच्या नजरेच्या रेषेत बघितलं. मीनल अपार्टमेंट. तिसरा मजला. उजवीकडची खिडकी, पावसासाठी ग्रिलला बांधलेलं निळं प्लास्टिक.

तिचा आज पाचवा दिवस होता. आत सोडत नाहीत म्हणून ती इथून बसली होती. त्या प्लास्टिकच्या पलीकडच्या बाईला याची कल्पनाही नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटत असेल, म्हातारी पाऊस बघतेय.

मी परत आलो. त्या दिवशी मी घरात कोणाशी बोललो नाही, तर बायकोने कपाळाला हात लावून बघितला.

रविवारी सकाळी मी कौस्तुभकडे गेलो. तो गॅलरीत पेपर वाचत होता.

"कौस्तुभराव, ती गंमत होती."

"कुठली?"

"मेणबत्तीची."

"शत्रुघ्नभाऊ," त्याने पेपर खाली ठेवला, "बाई बाटवायला येते म्हणून मला सोसायटीतल्या अकरा जणांचे फोन आलेत. अकरा! त्यांना आता काय सांगू, गंमत होती?"

"हो. तसंच सांगा. मी नाव देतो माझं."

"आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"अहो, काय होणार? बाई दोन तास गप्प बसते आणि जाते."

"तेच म्हणतोय मी," कौस्तुभ म्हणाला. तो चिडून म्हणाला नाही, अगदी मनापासून कोडं पडल्यासारखा म्हणाला. "कोणी उगाच कशाला बसेल?"

ईयोब सांगितला असता तर त्याने मलाही रजिस्टरमध्ये लिहिला असता. आयुष्यभर मी फेकलेली कुठलीही थाप गावात दहा मिनिटांत पोचली. त्या सकाळी खरं सांगत होतो, ते त्याच्या गॅलरीतून खाली उतरेना.

सोमवार हा सातवा दिवस. दुपारी तीनला मी स्वतः जिना चढलो. मला कोण अडवणार? वॉचमनने सलाम ठोकला. डोक्यात बेत एवढाच, की तिच्या जागी आपण बसू. सात दिवस पुरे होऊ देत. दोन तासांचा तर प्रश्न.

दार उघडंच होतं. विनिता दिव्याजवळ बसली होती. पिंकी शेजारच्यांकडे, जाऊ आत घोरत होती. मी भिंतीशी बसलो. चटई नव्हती, लादी गार होती. समोर घड्याळ. तुम्हाला सांगतो, गप्प बसणं म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं असं मला वाटायचं. पाचव्या मिनिटाला माझ्या घशाशी "वाईट झालं हो" आलं. ते गिळलं. सातव्याला "पाणी येतंय ना बरोबर?" आलं. तेही गिळलं. नवव्याला विलासबद्दल विचारावंसं वाटलं, नेमका पाय कुठे सुटला. तेव्हा मात्र माझी मलाच शिसारी आली.

अकराव्या मिनिटाला तीच बोलली.

"तुम्ही पाण्याचे ना?"

"हो."

"त्या बाई येत नाहीत आता." तिने दिव्याची वात वर केली. "तीन दिवस आल्या. मग नाही."

मी घड्याळाकडे बघितलं.

"मला वाटलं, त्यांच्याही कानावर गेलं असेल. लोक बोलतात ते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ते पीत नव्हते हो. खरंच पीत नव्हते. मी सगळ्यांना सांगितलं. त्यांना तेवढं सांगायचं राहिलं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं."

मी आयुष्यात लोकांना पुष्कळ हसवलंय. कोणाला घरातून उठवलं, कोणाचं लग्न मोडता मोडता राहिलं, सगळं हसण्यावारी गेलं. पण त्या बाईचं ते वाक्य ऐकल्यावर मला वाटलं, जीभ काढून त्या गार लादीवर ठेवावी. चार दिवस ती या समजुतीत बसली होती, की आपल्याला दोष न देणारं जे एक माणूस होतं, तेही दोष देऊन निघून गेलं.

"ताई, उठा," मी म्हणालो. "खिडकीपाशी या."

मी प्लास्टिकची दोरी सोडली. पाऊस थांबला होता. खाली रस्ता, मग आमचं कुंपण, आणि कौलाच्या पुढे आलेल्या पाखीखाली ओटीवर हेलनबाय. इथून एवढीशी दिसत होती. चटईवर ताठ, हात मांडीवर.

"शुक्रवारपासून तिथे बसतात," मी म्हणालो. "तीन ते पाच. इथे वर येऊ दिलं नाही त्यांना. माझ्यामुळे. मी टपरीवर काहीतरी वेडंवाकडं बोललो. त्यांनी तुमच्याबद्दल काही ऐकलेलं नाही. ऐकलं तरी त्या मनावर घेणाऱ्यातल्या नाहीत."

विनिताने दोन्ही हातांनी ग्रिल धरलं. मग मागे न वळता म्हणाली, "दिव्याकडे बघाल?"

मी दिव्याजवळ जाऊन बसलो. तेल घातलं. ती माझ्याकडे पाठ करून खिडकीत उभी राहिली, आणि मी पाच वाजेपर्यंत एका लहानशा ज्योतीकडे बघत होतो. बोलायला कोणी नव्हतंच. आत जाऊबाईंचं घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. पाचला विनिता खिडकीतून बाजूला झाली आणि म्हणाली, "गेल्या आत." तिने स्वतःच प्लास्टिक परत बांधलं. मला या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उतरलो.

तेराव्यानंतर ती पिंकीला घेऊन डोंबिवलीला भावाकडे गेली. फ्लॅट भाड्याने दिला. जायच्या दिवशी रिक्षा आमच्या कुंपणावरून गेली, थांबली नाही. पुढे पत्र नाही, निरोप नाही. मी वाट बघितली, खोटं सांगत नाही. हेलनबायने बघितली की नाही, माहीत नाही.

त्या सोमवारीच संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. ती चुलीपाशी मासे साफ करत होती, मांजर पायात.

"ती खिडकीत उभी होती," मी म्हणालो. "दोन तास."

"असेल. मला दिसलं नाही. चष्मा आत राहिला होता."

"हेलनबाय, मेणबत्तीचं मीच बोललो."

"माहीत आहे. वॉचमनने शुक्रवारीच सांगितलं."

"मग शनिवारी मी आलो तेव्हा का नाही बोललीस? शिव्या तरी द्यायच्या."

"तेव्हा तीन ते पाच चालू होतं," ती म्हणाली.

मी पायरीवर बसलो. तिने खवले काढून मांजरापुढे टाकले, हात धुतले आणि मग म्हणाली, "त्या तीन मित्रांचं पुढे काय झालं, ते मी तुला सांगितलं नव्हतं ना?"

"सुखाने नांदले असतील. मोठ्याने बोलणारे नांदतात."

"देव त्यांच्यावर चिडला. म्हणाला, तुम्ही खरं बोलला नाहीत. आता ईयोबाकडे जा. तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल, तरच तुम्हाला सोडतो. ज्याला टोचून टोचून खाल्लं, त्याच्याच दारात पाठवलं त्यांना."

"आणि त्याने केली?"

"केली."

"मग तू माझ्यासाठी करशील?"

"बघते," ती म्हणाली. "घाई आहे का?"

याला पाच वर्षं झाली. मीनलच्या गेटवर आता दोन वॉचमन आहेत आणि मेणबत्तीची गोष्ट माझ्याशिवाय फिरते. शेजारच्या तीन इमारतींत पोचली, कोळीवाड्यातून उलटी माझ्याच कानावर आली. हेलनबायला कोणी बोलावत नाही. तशी आधीही बोलावत नव्हते. पण आता ती गेली तर दार लोटून घेतात. मधल्या काळात कृष्णाकाकी गेली, तेव्हा तिच्या सुनांशेजारी ती सात दिवस बसली. तेवढंच. चटई दाराच्या मागे उभी असते, तिच्या कडा उसवल्यात. दुपारी तीनला तिच्या घरात रेडिओसुद्धा लागत नाही. पाचला ती चहा टाकते, एक कप. व्हेरोनिका म्हणते तिकडे ये. ही म्हणते, तिकडे कोण ओळखीचं मरतंय?

मी मात्र पाणी सोडून झालं की रोज कुंपणाच्या वाटेने जातो आणि पायरीवर बसून एकच विचारतो.

"झाली का प्रार्थना?"

"आज डोकं दुखत होतं."

दुसऱ्या दिवशी, "झाली?"

"आज व्हेरोनिकाच्या मुलाची परीक्षा होती. आधी त्याची केली."

एकदा म्हणाली, गुडघे टेकवत नाहीत. मी म्हटलं, खुर्चीत बसून कर, माझ्यासाठी तेवढी पुरे. म्हणाली, तुझं पाप खुर्चीतलं नाही. एकदा हिलरीची पाळी होती. एकदा, चक्क, मीनलच्या कौस्तुभची. त्याची आई आजारी होती म्हणे.

"म्हणजे त्याचा नंबर माझ्या आधी?"

"त्याने माफी मागितली नाही. त्याला गरज जास्त."

चहाचा एक कप ती आता दोन करते. मी पितो, अर्धा तास बडबडतो, ती ऐकते किंवा ऐकत नाही. परवा उठताना मी जरा रागाने म्हणालो, "हेलनबाय, ईयोबाने एका दिवसात केली असेल. तू पाच वर्षं घेतलीस. केलीस तरी का, की नुसतं झुलवतेस? आज खरं सांग."

ती कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "उद्या ये. उद्या सांगते."